जपावे की बदलावे?

जत्रा म्हटली की पाळणा आलाच. गावच्या यात्रेत लाकडी रहाटपाळणा फिरू लागला, की त्याच्याभोवती मुलांचा घोळका जमतो आणि वर जाणाऱ्या प्रत्येक पाळण्यातून आनंद व भीती यांनी मिसळलेली आरोळी ऐकू येते. उंच जावे, वेगाने खाली यावे, क्षणभर काळजाचा ठोका चुकावा आणि पुन्हा सुखरूप जमिनीवर पाय टेकावेत, ही हौस सर्व देशांतील माणसांना सारखीच आहे. युरोपात व अमेरिकेत गेल्या दीडशे वर्षांत या हौसेला यंत्रविद्येची जोड मिळाली. तेथे आकाशाला भिडणारे पोलादी पाळणे उभे राहिले. लाकडाच्या कृत्रिम डोंगरांवरून धावणाऱ्या गाड्या निघाल्या. अशा खेळांनी भरलेली मोठमोठी मनोरंजन-उद्याने शहरोशहरी निर्माण झाली.

त्या उद्यानांतील काही खेळ आता फार जुने झाले आहेत. कित्येकांनी वयाची शंभरी ओलांडली आहे. त्यामुळे एक विचित्र प्रश्न उभा राहिला आहे. एखादा किल्ला किंवा एखादे प्राचीन मंदिर जुने झाले, तर ते जपले पाहिजे याविषयी सुज्ञ लोकांत मतभेद होत नाही. उलट, कापडगिरणीतील एखादा माग जुना झाला, तर तो काढून नवा बसवावा याविषयीही कोणी वाद घालीत नाही. परंतु हे जुने खेळ एकाच वेळी वास्तूही आहेत आणि यंत्रेही आहेत. वास्तू म्हणून ते जपावेसे वाटतात; यंत्रे म्हणून ते बदलावेसे वाटतात. शिवाय त्यांत रोज शेकडो माणसे विश्वासाने बसतात. तेव्हा या खेळांचे करावे तरी काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी, तो कोणी विचारलाच नाही तेव्हा काय झाले, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

सन १८९३ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरी एक जागतिक प्रदर्शन भरले होते. त्या प्रदर्शनासाठी जॉर्ज फेरिस नावाच्या अभियंत्याने २६४ फूट उंचीचा पोलादी पाळणा उभारला. त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात ६० माणसे मावत. त्या काळी हा यंत्रविद्येचा चमत्कारच मानला गेला आणि अशा पाळण्यांना जगभर फेरिसचेच नाव मिळाले. पण प्रदर्शन संपले आणि पाळण्याचे वैभवही संपले. तो उतरवून दुसरीकडे उभारण्यात आला. १९०४ साली सेंट लुईस येथील प्रदर्शनात त्याने पुन्हा लोकांना फिरविले. आणि १९०६ साली सुरुंग लावून तो उद्ध्वस्त करण्यात आला. आज त्याची केवळ छायाचित्रे उरली आहेत.

फेरिसच्या यशाने प्रेरित होऊन वॉल्टर बॅसेट या इंग्रज अभियंत्याने युरोपात असेच चार भव्य पाळणे बांधले. लंडनमध्ये १८९५ साली, ब्लॅकपूल येथे १८९६ साली, व्हिएन्नात १८९७ साली आणि पॅरिसमध्ये १९०० साली. लंडनचा पाळणा १९०७ साली पाडला गेला, पॅरिसचा १९२० साली आणि ब्लॅकपूलचा १९२८ साली. राहिला फक्त व्हिएन्नाचा. तो कसा राहिला, याची कथा मोठी मनोवेधक आहे.

व्हिएन्ना ही ऑस्ट्रियाची राजधानी. तेथील प्राटर नावाच्या विस्तीर्ण उद्यानात सम्राट फ्रान्झ योझेफ यांच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त हा पाळणा उभारण्यात आला. त्याची उंची सुमारे २१२ फूट असून त्याला आरंभी ३० डबे होते. १९१६ साली तो पाडून टाकण्याची परवानगी देण्यात आली. पण पहिल्या महायुद्धाचे दिवस होते. एवढा अवाढव्य सांगाडा पाडायचा म्हणजे पुष्कळ पैसा हवा, आणि तो कोणाकडेच नव्हता. पैशाच्या अभावी कित्येक गोष्टी उभ्या राहत नाहीत, हे सर्वांना ठाऊक आहे. पैशाच्या अभावी एक गोष्ट उभीच राहिली, असे हे विरळा उदाहरण! पुढे १९१९ साली एडुआर्ट श्टाइनर नावाच्या गृहस्थांनी तो मोडण्याच्या हेतूने विकत घेतला. परंतु मोडण्याऐवजी त्यांनी तो चालविण्यास दिला. श्टाइनर हे ज्यू होते. १९३८ साली नाझी राजवटीने त्यांची मालमत्ता हिरावून घेतली आणि १९४४ साली ऑश्विट्झच्या छळछावणीत त्यांची हत्या झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात पाळणाही आगीत होरपळला. त्याचे डबे जळून गेले आणि काळवंडलेला सांगाडा तेवढा उभा राहिला.

युद्ध संपले तेव्हा व्हिएन्ना शहर अर्धे मोडून पडले होते. लोकांना अन्नाची व निवाऱ्याची ददात होती. अशा वेळी एका पाळण्यासाठी कोण श्रम करणार, असे कोणासही वाटले असते. तथापि शहराने तो दुरुस्त केला आणि १९४७ साली तो पुन्हा फिरू लागला. मात्र आगीत तापलेल्या सांगाड्यावर पूर्वीइतका भार टाकणे धोक्याचे वाटल्यामुळे, ३० ऐवजी १५ डबेच बसविण्यात आले; म्हणजे एकाआड एक जागा रिकामी ठेवण्यात आली. जाणता मनुष्य आजही त्या पाळण्याकडे पाहतो, तेव्हा त्याला त्या रिकाम्या जागांतून युद्धाची आठवण होते. येथे जपणूकही झाली आणि बदलही झाला. किंबहुना बदल केला म्हणूनच जपणूक शक्य झाली.

पोलादाची गोष्ट अशी, तर लाकडाची त्याहून नाजूक. लाकडी मार्गावरून धावणाऱ्या गाडीला रोलर कोस्टर म्हणतात. तिची रचना ध्यानात घेतली, म्हणजे तिचे जतन इतके अवघड का, हे सहज कळते. या गाडीला स्वतःचे इंजिन नसते. एक लांब साखळी तिला पहिल्या उंच चढावर ओढून नेते आणि शिखरावर सोडून देते. तेथून पुढे गुरुत्वाकर्षण हेच तिचे इंजिन. उतारावर मिळालेल्या वेगाने ती पुढचा चढ चढते, पुन्हा उतरते, आणि घर्षणाने हा वेग हळूहळू संपत जातो. म्हणून पुढचा प्रत्येक चढ साधारणतः पहिल्याहून ठेंगणा ठेवावा लागतो. गाडी वर ओढली जात असताना टक्-टक् असा जो आवाज येतो, तो ऐकून बसलेल्यांची छाती धडधडू लागते. वस्तुतः तो आवाज भीतीचा नसून अभयाचा असतो. गाडीखालचा एक लोखंडी अडसर चढावरील दात्यांत एकामागून एक अडकत जातो, त्याचा तो ध्वनी होय. साखळी अचानक तुटली, तरी या अडसरामुळे गाडी मागे घसरत नाही.

ज्या मार्गावरून ही गाडी धावते, तो फळ्यांचे थर एकावर एक बसवून केलेला असतो आणि त्यावर पोलादाची पट्टी ठोकलेली असते. लाकूड पावसाने फुगते, उन्हाने आकसते, थंडीने तडकते. गाडी गेली की सारा सांगाडा किंचित डोलतो. हे डोलणे दोष नव्हे. त्याने धक्के झेलले जातात. परंतु रोजच्या डोलण्याने बोल्ट सैल होतात, खिळे वर येतात, फळ्या झिजतात. म्हणून अशा मार्गाची तपासणी रोजच्या रोज करावी लागते आणि दर वर्षी त्याचा काही ना काही भाग बदलावा लागतो.

न्यूयॉर्क शहराच्या कोनी आयलंड या समुद्रकिनाऱ्यावर ‘सायक्लोन’ नावाची अशी एक गाडी आहे. ती २६ जून १९२७ रोजी सुरू झाली. तिची उंची ८५ फूट असून ती ताशी सुमारे ६० मैलांचा वेग गाठते. १९६९ साली ती शहराच्या ताब्यात आली आणि शेजारच्या मत्स्यालयाचा विस्तार करण्यासाठी ती पाडावी, असा विचार पुढे आला. तेव्हा तेथील नागरिकांनी ‘सायक्लोन वाचवा’ अशी चळवळ उभारली. ज्या गाडीत आजोबा बसले, वडील बसले, त्याच गाडीत नातवालाही बसता यावे, एवढीच त्यांची इच्छा होती. अखेर १९७५ साली दुरुस्ती होऊन गाडी पुन्हा धावू लागली. १९८८ साली शहराने तिला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला आणि १९९१ साली तिचे नाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत लिहिले गेले.

येथे एखादा चिकित्सक मनुष्य विचारील, “दर वर्षी जिच्या फळ्या बदलतात, ती गाडी जुनी कशी म्हणावी? १९२७ सालची फळी तिच्यात उरली तरी किती?” हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर कोकणातील कोणताही घरधनी देऊ शकेल. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी तो घराची शाकारणी करतो. फुटकी कौले काढून नवी बसवितो, कुजलेला वासा बदलतो. पन्नास वर्षांत छपराचे बहुतेक सर्व सामान बदलून जाते. तरी ते घर त्याच्या आजोबांचेच राहते. कारण खोल्या त्याच जागी असतात, ओटी तीच असते, माजघरात येणारा उजेडही त्याच बाजूने येतो. ज्याने कौल बदलले त्याने घर मोडले, असे कोणी म्हणत नाही. उलट ज्याने कौल बदलले नाही, त्याचे घर मात्र दोन-चार पावसाळ्यांत कोसळते. लाकडी गाडीचेही तसेच आहे. तिचे चढ-उतार, तिची वळणे, तिचा डौल व तिचा वेग कायम राहिला, तर नवी फळी ही तिची शत्रू नसून तिचे आयुष्य होय.

मग प्रत्येक बदल निर्दोषच मानावा काय? तसेही नाही. इंग्लंडच्या मार्गेट या किनाऱ्यावरील गावची हकिकत या दृष्टीने बोधप्रद आहे. तेथील ‘ड्रीमलँड’ उद्यानात १९२० साली ‘सीनिक रेल्वे’ नावाची लाकडी गाडी सुरू झाली. या गाडीचे वैशिष्ट्य असे की, तिच्यावर एक ब्रेकवाला स्वतः बसलेला असे. उतारावर गाडीला किती धावू द्यायचे आणि कोठे आवरायचे, हे त्याच्या हाताने व नजरेने ठरे. ओल्या दिवशी गाडी कशी धावते, भरलेली कशी, रिकामी कशी, हे त्याला अनुभवाने कळलेले असे. अशा गाड्या जगात फार थोड्या उरल्या. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे १९१२ साली सुरू झालेली आणि डेन्मार्कमधील कोपनहेगनच्या तिव्होली उद्यानात १९१४ साली सुरू झालेली, या दोन गाड्याही अशाच ब्रेकवाल्याच्या हाती चालणाऱ्या.

मार्गेटच्या गाडीला २००२ साली संरक्षित वास्तूंच्या यादीत स्थान मिळाले. पण कागदावर संरक्षण मिळाले म्हणून वस्तू सुरक्षित होतेच असे नाही. उद्यान बंद पडले आणि एप्रिल २००८ मध्ये लागलेल्या आगीत गाडीचा सुमारे चतुर्थांश सांगाडा, स्थानक व डबे जळून गेले. कित्येकांना वाटले की आता संपले. परंतु गावकऱ्यांची चळवळ चालूच राहिली. स्थानिक नगरमंडळाने ती जागा ताब्यात घेतली. जळालेला भाग नव्या लाकडाने पुन्हा उभारण्यात आला. आणि २०१५ साली गाडी पुन्हा धावली. डबे नवे होते, कितीतरी फळ्या नव्या होत्या. पण ब्रेकवाला पूर्वीप्रमाणेच गाडीवर होता. गाडी आवरण्याचे काम आजची यंत्रे करू शकतात. तरीही ब्रेकवाला ठेवण्यात आला, कारण तो नसता तर ती वेगळीच गाडी झाली असती. फळी बदलून गाडी तीच राहते, परंतु ब्रेकवाला काढला तर ती तीच राहत नाही. कोणत्या बदलाने वस्तूचे केवळ अंग बदलते आणि कोणत्या बदलाने तिचा स्वभाव बदलतो, हा विवेक येथे दिसून येतो.

या विवेकाची कसोटी सुरक्षिततेच्या प्रश्नात लागते. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात अल्टूना नावाचे शहर आहे. तेथील ‘लीप द डिप्स’ ही गाडी १९०२ सालची. तिच्या काळी गाडीला मार्गाच्या खालून धरून ठेवणारी चाके नव्हती. अशी चाके बसविण्याची युक्ती जॉन मिलर या कल्पक अभियंत्याने पुढे प्रचारात आणली. तेव्हापासून गाडी रुळावरून उचलली जाण्याचे भय गेले आणि उतार अधिक उंच व तीव्र करता येऊ लागले. ‘लीप द डिप्स’ त्याआधीची असल्यामुळे तिची उंची अवघी ४१ फूट आणि वेगही बेताचाच. १९८५ साली ती बंद पडली. पुढे तिच्या चाहत्यांनी संस्था स्थापन करून निधी जमविला; १९९६ साली तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा मान मिळाला आणि १९९९ साली ती पुन्हा सुरू झाली. तिला नवी चाके लावून तिचा वेग वाढवावा, असे कोणी केले नाही. हळू चालणे हाच तिच्या सुरक्षिततेचा पाया होता. म्हणून तिची जुनी रचना व तिचा जुना वेग दोन्ही एकत्रच जपावे लागले. जुन्या यंत्रातून नव्या यंत्राचे काम काढू पाहणे हे जतनही नव्हे आणि सुधारणाही नव्हे. तो निव्वळ अविचार होय.

नव्याचा पुरस्कार करणाऱ्यांची बाजूही तितक्याच शांतपणे ऐकली पाहिजे. ते म्हणतात, “खेळ हा खेळणाऱ्यांसाठी असतो. ज्या गाडीत बसून अंग ठेचून निघते, तिच्यात लोक का बसतील? आणि लोक बसले नाहीत, तर तिच्या देखभालीचा खर्च कोण करील?” या म्हणण्यात तथ्य आहे. टेक्सास राज्यातील एका उद्यानात १९९० साली ‘टेक्सास जायंट’ नावाची १४३ फूट उंच लाकडी गाडी उभारण्यात आली. त्या वेळी लाकडी गाड्यांत ती जगात सर्वांत उंच होती. परंतु काही वर्षांत तिचा मार्ग खडबडीत झाला; प्रवाशांना दणके बसू लागले; दुरुस्ती पुरी पडेनाशी झाली. २००९ साली ती बंद करण्यात आली. मग लाकडी सांगाडा बहुतांशी कायम ठेवून त्यावर पोलादाचा नवा मार्ग बसविण्यात आला आणि उंची १५३ फूट करण्यात आली. २०११ साली गाडी नव्या रूपात सुरू झाली. ती पूर्वीहून गुळगुळीत धावू लागली आणि तिचे उतार पूर्वीहून तीव्र झाले. हीच पद्धत पुढे इतर अनेक ठिकाणी अवलंबिली गेली. जी गाडी मोडीत निघावयाची, तिला असा पुनर्जन्म मिळाला, तर त्यात दुःख मानण्याचे कारण नाही. फक्त एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे : ही जुनी गाडी जपली असे म्हणता येणार नाही, जुन्या पायावर नवी गाडी बांधली, असेच म्हटले पाहिजे.

तेव्हा कोठे कोणता मार्ग घ्यावा, हे त्या त्या खेळाच्या योग्यतेवर अवलंबून आहे. एकोणीस वर्षे चाललेली गाडी आणि शंभर वर्षे चाललेली गाडी यांना एकच न्याय लावता येत नाही. ज्या जातीचे अनेक नमुने शिल्लक आहेत, त्यांतील एक बदलला तर फारसे बिघडत नाही. पण ज्या जातीचे दोन-तीनच उरले आहेत, त्यांतील एक गेला की त्याबरोबर एक संपूर्ण विद्या जाते. लाकडाला बाक देण्याची हातोटी सुताराच्या बोटांत असते. हाताने गाडी आवरण्याचे कसब ब्रेकवाल्याच्या मनगटात असते. ते पुस्तकात पुरतेपणी उतरत नाही. गाडी चालू असते तोवरच एका पिढीकडून दुसरीकडे ते जाऊ शकते. काचेच्या कपाटात ठेवलेली गाडी पाहता येते. तिच्यापासून शिकता मात्र येत नाही.

काही वेळा प्रश्न लाकडाचा वा पोलादाचा नसून, खेळातून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीचा असतो. वॉल्ट डिस्ने यांनी कॅलिफोर्नियात १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड हे उद्यान सुरू केले. तेथील ‘जंगल क्रूझ’ हा खेळ पहिल्या दिवसापासूनचा. प्रवासी नावेत बसतात. नाव रानातून वाहणाऱ्या एका कृत्रिम नदीतून जाते. आणि काठावर यंत्राने हालणारे हत्ती, सुसरी व पाणघोडे दिसतात. १९६२ साली या नदीत डुंबणाऱ्या भारतीय हत्तींचा एक कळपही आणून सोडण्यात आला. परंतु काठावर आदिवासी लोकांची जी चित्रे उभी केली होती, त्यांत त्यांना रानटी व हास्यास्पद असे दाखविले होते. २०२१ साली ती दृश्ये काढून तेथे दुसरी बसविण्यात आली. यावर काही लोक हळहळले. लहानपणी पाहिलेली गोष्ट जशीच्या तशी राहावी असे त्यांना वाटले, आणि असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ज्या समाजाची त्यात टवाळी होती, त्या समाजातले मूलही त्याच नावेत बसते. एकाच्या गोड आठवणीसाठी दुसऱ्याने दर फेरीला मान खाली घालावी, हे न्याय्य नव्हे. नदी राहिली, नाव राहिली, नावाड्याचे विनोद राहिले आणि हत्तीही पूर्वीसारखेच पाण्यात डुंबत राहिले. खेळाचा जो खरा आनंद होता, त्याला धक्का लागला नाही.

या सर्व उदाहरणांवरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली गोष्ट अशी की, माणसाचा जीव आणि माणसाचा मान यांपुढे कोणत्याही जुनेपणाचा आग्रह धरता येत नाही. जेथे या दोहोंना धोका आहे, तेथे बदल केलाच पाहिजे. आणि यंत्राला न मोडता तो करता येत नसेल, तर यंत्र थांबविले पाहिजे. दुसरी गोष्ट अशी की, केवळ नवे म्हणून नवे आणण्याचा हव्यासही तितकाच घातक आहे. आजचे सर्वांत उंच यंत्र काही वर्षांनी दुसऱ्या उंच यंत्रामुळे फिके पडते. परंतु शंभर वर्षे चाललेल्या यंत्राची बरोबरी शंभर वर्षे थांबल्यावाचून कोणालाही करता येत नाही. तिसरी गोष्ट अशी की, बदल करण्यापूर्वी जे आहे त्याची नोंद करून ठेवली पाहिजे. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे १९४७ सालची एक लाकडी गाडी बंद पडून होती. ती उतरवून पेन्सिल्व्हेनियातील नोबेल्स उद्यानात नेण्याचे ठरले, तेव्हा तिचे मूळ नकाशे उपलब्ध नव्हते. कारागिरांनी मग एकेका लाकडावर खूण घातली, त्याची नोंद केली, आणि १९८५ साली हजारो तुकड्यांतून तीच गाडी नव्या जागी उभी केली. राखेतून पुन्हा उठणाऱ्या पक्ष्यावरून तिला ‘फिनिक्स’ असे नाव देण्यात आले. नोंदीचे महत्त्व याहून अधिक ते काय सांगावे?

जपणे आणि बदलणे या गोष्टी एकमेकींच्या वैरिणी आहेत, असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः जी वस्तू चालती ठेवायची असते, तिच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या दोन हातांसारख्या असतात. लाकडी गाडी असलेल्या उद्यानात भल्या सकाळी, दारे उघडण्यापूर्वी, एक कारागीर हातात पाना व हातोडा घेऊन त्या उंच मार्गावरून पायी चालत जातो. एखादा बोल्ट तो आवळतो, वर आलेला खिळा ठोकतो, एखाद्या फळीवर हातोडी आपटून तिचा आवाज ऐकतो. कोणती फळी अजून चालेल आणि कोणती आजच बदलली पाहिजे, हे त्याला ठरवायचे असते. त्याने एकही फळी बदलली नाही, तर गाडी पडेल. सगळ्याच बदलून मनास येईल तशी वळणे घातली, तर गाडी हरवेल. तो ठरवितो, खूण करतो आणि पुढच्या फळीकडे वळतो. थोड्याच वेळात दारे उघडतात आणि मुले धावत येतात.

अभ्यास

१. जुने खेळ जपावे की बदलावे, हा प्रश्न किल्ल्याच्या किंवा कापडगिरणीतील मागाच्या बाबतीत का उद्भवत नाही?
२. व्हिएन्नाच्या पाळण्यावरील रिकाम्या जागा कशाची आठवण करून देतात?
३. घराच्या शाकारणीचा दृष्टान्त पाठात कशासाठी दिला आहे, ते थोडक्यात सांगा.
४. ‘फळी बदलून गाडी तीच राहते, परंतु ब्रेकवाला काढला तर ती तीच राहत नाही,’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
५. तुमच्या गावातील एखादी जुनी पण अजून वापरात असलेली वस्तू — विहीर, पूल, रथ, रहाट किंवा घड्याळ — निवडा. तिच्यात कोणते बदल झाले आहेत आणि कोणते होऊ नयेत असे तुम्हांला वाटते, यावर दहा ओळी लिहा.